२५,००० आसनांचा ठराव करण्याआधी

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तालुक्याच्या गावी नगरपरिषदेला अठरा एकर जागा मिळाली आहे. तिथं २५,००० आसनांचं, ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचं’ स्टेडियम बांधायचा ठराव येऊ घातलाय. तुम्ही क्रीडाशिक्षक, म्हणून तुम्हाला समितीवर घेतलंय. आणि तुम्ही विचारताय की वानखेडे, ईडन, चेपॉक ही मैदानं जशी लोकांच्या मनात घर करून बसली, तसं काही आपल्या गावात उभं राहू शकेल का, आणि त्यासाठी आसनं किती धरावीत.

मी तेहतीस वर्षं स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करतोय. त्यातली वीसेक वर्षं मैदानं, गॅलऱ्या आणि क्रीडासंकुलं यांतच गेली. नवीन बांधली त्यापेक्षा दुरुस्त केलेली जास्त. दुरुस्तीच्या कामात गॅलरीखाली उकिडवं बसून भेगा मोजाव्या लागतात, तेव्हा मूळ आराखडा करणाऱ्यानं कशाचा विचार केला नव्हता ते नीट कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आसनांचा आकडा हा तुमच्यापुढचा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा: वर्षातल्या कोणत्या दिवशी तुमच्या गावात एका जागी पंचवीस हजार माणसं खेळ बघायला जमतात? आणि उरलेल्या साडेतीनशे दिवसांत त्या फाटकाचं कुलूप कोण उघडणार? देशातली जी मैदानं तुम्हाला डोळ्यांपुढं दिसतायत, त्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत खेळ आधी रुजला होता, माणसं आधीपासून जमत होती, आणि पायऱ्या त्यांच्यासाठी नंतर बांधल्या गेल्या. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे.

अर्थात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधीच सांगतो. तुमची जागा मी पाहिलेली नाही. काळी माती किती खोल आहे, रेल्वे स्टेशन आहे की फक्त एसटी स्टँड, जागा गावात आहे की बायपासला, जवळच्या मोठ्या शहरात आधीच एखादं मैदान आहे का, यावर उत्तर बदलेल. कबड्डीचं वेड असलेल्या गावाला जे लागतं ते फुटबॉलच्या गावाला लागत नाही. तेव्हा पुढचं वाचताना आपलं गाव समोर ठेवा.

माझं लहानपण कोल्हापुरात गेलं, म्हणून सुरुवात खासबागेपासून करतो. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपला गेले होते. त्या प्रवासात रोमचं जुनं कलोझियम पाहून आपल्या मल्लांसाठी असं काही असावं हे त्यांच्या मनात आलं, असं कोल्हापुरात घरोघरी सांगतात. १९०७ ला काम सुरू झालं आणि १९१२ ला मैदान पूर्ण झालं. पण त्याआधीच कोल्हापुरात पेठापेठांतून तालमी घुमत होत्या. महाराजांनी पैलवानांना खुराक दिला, आश्रय दिला, बाहेरचे मल्ल आणून जोड्या लावल्या. गर्दी तयार होती, तिला नीट बसून कुस्ती बघता येत नव्हती. ती अडचण खासबागेनं सोडवली.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आजोबांनी मला धरून पायऱ्यांवर बसवलं. पुढच्या दोन ओळींत सगळे फेटेवाले. मला वाटलं आता काही दिसणार नाही. पण हलगी कडाडली, पैलवानांनी शड्डू ठोकला, आणि त्या फेट्यांच्या वरून मला मधला लाल मातीचा हौदा अख्खा दिसत होता. ताक, हळद, लिंबू, तेल घालून मळलेल्या त्या मातीचा वास वरपर्यंत येत होता. पुढं कॉलेजात गॅलरीचं गणित शिकताना मला ती दुपार आठवली. नियम साधा आहे: मागे बसलेल्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून कमीत कमी नऊ ते बारा सेंटिमीटर वरून जायला हवी, आणि तरी ती मैदानाच्या सर्वांत जवळच्या कडेवर पडायला हवी. त्यासाठी प्रत्येक मागची पायरी आधीच्यापेक्षा थोडी जास्त उंच करत न्यावी लागते. खासबागेत मैदान मध्ये आणि लोक त्याच्याभोवती खोलगट उतरणीवर, त्यामुळे कुणीही कुणाच्या आड येत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनी हे साधलं. त्याला लागूनच १९१५ साली महाराजांनी नाट्यगृह बांधलं, तेच पुढं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं त्या रात्री कोल्हापुरातली माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. जागा संस्कृतीचा भाग होते म्हणजे काय, हे मला त्याहून वेगळं सांगता येणार नाही.

आता मुंबई. देशात पहिली कसोटी खेळली गेली ती १५ डिसेंबर १९३३ पासून बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. लाला अमरनाथांनी त्याच सामन्यात ११८ धावा काढून भारताचं पहिलं कसोटी शतक केलं. तेव्हा तिथं पक्कं स्टेडियम नव्हतं, जिमखान्याचं हिरवं मैदान होतं. ब्रेबर्न उघडलं १९३७ च्या डिसेंबरात, बॅक बे भरून काढलेल्या जमिनीवर. त्याआधी दोन दशकांहून जास्त काळ मुंबईत चौरंगी सामन्यांसाठी, म्हणजे हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपीय संघांच्या स्पर्धेसाठी, लोक झाडांवर चढून बसत होते. त्याच स्पर्धेची पुढं पाच संघांची पेंटँग्युलर झाली, तिच्यात विजय हजारे यांनी १९४३ साली एकूण ३८७ मध्ये एकट्यानं ३०९ केल्या, त्या याच ब्रेबर्नवर.

मग ब्रेबर्नपासून हाकेच्या अंतरावर वानखेडे का उभं राहिलं? ब्रेबर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, आणि सामने भरवायचे ते बॉम्बे क्रिकेट असोसिएशननं. कुणाला किती तिकिटं, कुणाचे प्रेक्षक कुठं बसणार, यावरून वर्षानुवर्षं वाद होता. शेवटी शेषराव वानखेडे यांनी असोसिएशनचं स्वतःचं मैदान उभं करायचं ठरवलं. वास्तुरचनाकार शशी प्रभू यांनी सुमारे तेरा महिन्यांत ते उभं केलं आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथं पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ केल्या. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या समितीतही हा विषय येणार आहे. मैदानाची मालकी कुणाची आणि वापराचा हक्क कुणाचा, हे पहिल्या दिवशी कागदावर आलं नाही, तर पुढं अख्खं दुसरं मैदान बांधायची वेळ येते. मुंबईला ते परवडलं.

वानखेडेवर एवढा जीव का जडला? माझ्या मते त्याचं मोठं कारण चर्चगेट स्टेशन आहे. विरार, बोरिवलीचा माणूस लोकलनं उतरतो आणि पाच-सात मिनिटांत फाटकाशी असतो. एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला समुद्र. आणि दुसरं कारण म्हणजे आजूबाजूची मैदानं: आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, थोडं पुढं दादरला शिवाजी पार्क. १९४८ पासून भर पावसाळ्यात कांगा लीग चालते. १९८८ मध्ये आझाद मैदानावर शाळेच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमध्ये ‘सचिऽऽन, सचिन’ ओरडणाऱ्यांतले कित्येक जण स्वतः त्या मैदानांवर खेळलेले होते. खेळाडूच्या चुकीवर पहिली आरोळी यायची ती स्वतः कधीतरी पॅड बांधून खेळलेल्या माणसाकडून.

२०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेचं नूतनीकरण झालं तेव्हा आसनसंख्या सुमारे ४५,००० वरून ३३,००० च्या आसपास उतरली. आसनं मोठी झाली, वर टेफ्लॉनच्या कापडाचं छप्पर आलं, जिने सुटसुटीत झाले. तरीही २ एप्रिल २०११ ला धोनीनं कुलशेखराला षटकार मारला तेव्हा त्या मैदानाची आठवण अख्ख्या देशाची झाली. त्या रात्री मी मरीन ड्राइव्हवर होतो, आत जायला तिकीट मिळालं नव्हतं. बारा हजार आसनं कमी झाल्यानं वानखेडेचं काही कमी झालं नाही, हे तुमच्या समितीला जरूर सांगा.

कोलकात्याचं ईडन त्याहून जुनं, १८६४ चं. तिथंही नूतनीकरणात क्षमता लाखाच्या आसपासवरून सत्तर हजारांच्या आत आली. २००१ मध्ये फॉलोऑननंतर लक्ष्मणच्या २८१ आणि द्रविडच्या १८० नं ऑस्ट्रेलियाला हरवलं, ते सगळ्यांना आठवतं. पण ईडनची दुसरी आठवणही तेवढीच खरी आहे. १६ ऑगस्ट १९८० ला ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या फुटबॉल सामन्यात दोन्हीकडचे समर्थक एकाच स्टँडमध्ये मिसळून बसले होते. दंगल उसळली, आणि जिन्यांवर, कठड्यांवर चेंगरून १६ जण गेले. बंगालमध्ये तो दिवस आजही फुटबॉलप्रेमी दिवस म्हणून पाळतात, रक्तदान करतात.

माझ्या व्यवसायात हा भाग मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. नोव्हेंबर १९९५ मध्ये नागपूरला न्यूझीलंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात जुन्या मैदानावर भिंत कोसळून प्रेक्षक मृत्युमुखी पडले, तेव्हा मी नोकरीत नवा होतो. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणी डबा उघडला नाही. आणि आता ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाच्या फाटकांशी चेंगराचेंगरीत अकरा जण गेले. मैदानाची क्षमता पस्तीस हजारांच्या घरात, बाहेर लोटलेली गर्दी त्याच्या कित्येक पट. आत सगळी आसनं पक्की असून उपयोग नसतो, कारण माणसं फाटकाशी मरतात.

म्हणून २५,००० हा आकडा जिन्यांत मोजून पाहू. ब्रिटनमध्ये क्रीडामैदानांसाठी जी सुरक्षा-मार्गदर्शिका आहे, तिचा हिशोब आम्ही इथंही धरतो: एक मीटर रुंदीच्या जिन्यातून मिनिटाला ६६ माणसं उतरतात, आणि गॅलरी आठ मिनिटांत रिकामी व्हायला हवी. म्हणजे एका मीटरमागे ५२८ माणसं. पंचवीस हजारांसाठी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस मीटर रुंदीचे जिने लागले. दोन मीटरचा एक धरला तर चोवीस जिने, तेवढीच बाहेर उघडणारी फाटकं, आणि फाटकांपुढं माणसं थांबू शकतील एवढी मोकळी जागा. शिवाय दहा हजार माणसं दुचाकीवर डबलसीट आली तर पाच हजार गाड्या. गाडीमागे वाटेसह अडीच चौरस मीटर धरले तरी तीन एकर गेले. अठरा एकरांतून आधी हे वजा करा, मग खेळाला काय उरतं ते बघा.

चेपॉकचं उदाहरण दोन कारणांसाठी देतो. एक तर तिथला प्रेक्षक. भारतानं पहिला कसोटी विजय मिळवला तो चेपॉकवर, १९५२ मध्ये इंग्लंडविरुद्ध, विनू मंकड यांच्या बारा बळींवर. आणि १९९९ च्या जानेवारीत पाकिस्ताननं बारा धावांनी हरवलं, तेंडुलकरच्या १३६ वाया गेल्या, तेव्हा त्याच प्रेक्षकांनी उभं राहून पाकिस्तानच्या संघाला टाळ्या दिल्या. ती जाण पिढ्यान् पिढ्या एकाच जागी खेळ बघून आलेली असते. दुसरं कारण मात्र तुमच्या कामाचं. तिथं २०११ च्या सुमारास नवे स्टँड बांधले, आणि त्यातले आय, जे आणि के हे तीन स्टँड बांधकाम-परवानगीच्या वादात अनेक वर्षं कुलूपबंद राहिले. जवळजवळ बारा हजार आसनं. कसोटी चालू असताना टीव्हीवर ती रिकामी पिवळी रांग दिसायची. परवानगी हातात पडल्याशिवाय पायाचा एक खड्डाही मारू देऊ नका.

तुम्ही म्हणाल, अहमदाबादचं काय? १,३२,००० आसनं, जगातलं सर्वांत मोठं क्रिकेट मैदान, अकरा खेळपट्ट्या, छपराच्या कडेनं फिरणारी एलईडी दिव्यांची माळ, दारात मेट्रो. इंजिनिअर म्हणून मी ते काम बघून भारावलो, हे मनापासून सांगतो. पण अहमदाबाद हे लाखोंचं शहर आहे, आणि त्याच जागी १९८० च्या दशकापासून मोटेराचं मैदान होतं. सुनील गावस्करांनी १९८७ मध्ये कसोटीतली दहा हजारावी धाव तिथंच घेतली. नवं बांधलं ते जुन्या मुळांवर. शिवाय एवढ्या मोठ्या मैदानात वरच्या टोकाला बसलेल्या माणसाला चेंडू दिसत नाही, तो पडद्यावर बघतो. तुमच्या गावाला अनुकरण करायचं तर मी त्याऐवजी राउरकेलाकडे बोट दाखवीन. ओडिशातल्या सुंदरगढ जिल्ह्यात मुलं बांबूच्या काठ्यांनी हॉकी शिकतात, दिलीप तिर्की तिथलाच. त्या जिल्ह्यात २०२३ च्या विश्वचषकासाठी बिरसा मुंडा स्टेडियम उभं राहिलं, वीस हजारांहून थोडी जास्त आसनं, आणि ती भरली. तिथं खेळ शंभर वर्षं आधीपासून अंगणात होता.

आता उलट बाजू. गाव सांगत नाही, पण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी मला ‘गॅलरी वापरण्यास योग्य आहे का’ हे बघायला बोलावलं होतं. दहा हजार आसनांची गॅलरी, बांधून बारा वर्षं झालेली. उद्घाटनाला कुस्त्यांचं मोठं मैदान झालं होतं. त्यानंतर ती एकदाही पूर्ण भरलेली नाही. चावी एका शिपायाकडे, शिपाई दुसऱ्या कामावर. तो येईपर्यंत मी भिंतीबाहेर उभा होतो. बाहेरच्या अरुंद पट्टीत, रस्त्याच्या कडेला, दहा-बारा पोरं तीन विटांचे स्टंप करून खेळत होती. चेंडू भिंतीवरून आत गेला की एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर चढून आत उडी मारायचा. कुलूप उघडल्यावर आत गेलो. गॅलरीच्या सांध्यांत पिंपळाची रोपं मनगटाएवढी झाली होती. काळ्या मातीवर उथळ पाया घेतल्यानं एक टोक खचून खालच्या भिंतीला तिरपी भेग पडली होती, माझं बोट आत जात होतं. मैदानाला उतार नव्हता, सप्टेंबर असून मध्यभागी पाणी साचलेलं. गॅलरी पूर्वेला बांधलेली, म्हणजे दुपारच्या सामन्यात प्रेक्षकांच्या तोंडावर ऊन. मुलींसाठी म्हणून एक स्वच्छतागृह होतं, त्यात लग्नाच्या मांडवाचे बांबू ठेवले होते.

मी त्यांना गॅलरीचा अर्धा भाग पाडायला सांगितला. बैठकीत फार राग आला सगळ्यांना, आणि मला तो समजत होता, कारण त्या गॅलरीसाठी त्यांनी मंत्रालयाचे किती हेलपाटे घातले होते ते मला माहीत होतं. पण उरलेल्या निधीतून मैदानाखाली छिद्रांचे पाइप टाकून निचरा केला, चार फाटकांपैकी दोन पहाटे पाच ते नऊ उघडी ठेवायचा ठराव केला, कडेनं धावायची मुरमाची पट्टी केली, दोन कबड्डीची आणि एक खो-खोचं मैदान आखलं. आता तिथं पहाटे पाचला गेलात तर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली असतात. मुलं १६०० मीटर मारतात, मुली ८०० मीटर, एका कोपऱ्यात गोळाफेक. कुणाची तरी आई स्टॉपवॉच धरून उभी असते. संध्याकाळी कबड्डी. तालुका स्पर्धेला कडेनं दीड हजार माणसं उभी राहतात आणि ओरडून घसा बसवतात. आता तिथले लोक मला विचारतात, गॅलरी वाढवता येईल का? आता मी हो म्हणतो.

तुमच्या अठरा एकरांत मी काय करीन ते सांगतो. चारशे मीटरची धावपट्टी कडेच्या मोकळ्या जागेसह साडेचार-पाच एकर खाते. तिच्या आत फुटबॉल बसतो. पण क्रिकेटचं मैदान तिच्यात कोंबू नका, एकाच्या नादात दोन्ही बिघडतात. जागा आहे तर क्रिकेटला वेगळं अंग द्या. खेळपट्टी उत्तर-दक्षिण, म्हणजे सूर्य फलंदाजाच्या किंवा गोलंदाजाच्या डोळ्यांत येत नाही. मुख्य गॅलरी पश्चिमेला, पाठीवर ऊन, वर छप्पर. पहिल्या टप्प्यात दीड ते दोन हजार आसनं, बस्स. बाकीच्या बाजूंना मातीचे उतार करून त्यावर हिरवळ लावा, लोक सतरंजी टाकून बसतील. पण त्या उतारांखाली पुढच्या गॅलरीच्या पायासाठी जागा राखून ठेवा, पाणी आणि ड्रेनेजच्या लाइनी आत्ताच त्या हिशोबानं टाका. गर्दी वाढली की एकेक बाजू बांधता येईल. पाया मुरमापर्यंत न्यायचा, काळ्या मातीत अडकवायचा नाही. आणि बांधकामाच्या निधीबरोबरच दरवर्षी देखभालीला किती, कुठल्या खात्यातून, हे त्याच ठरावात लिहून घ्या. रोलर, पाणी, गवत कापायचं यंत्र आणि एक कायमचा माळी यांच्याशिवाय मैदान दोन पावसाळे टिकत नाही.

पैसे वाचवायचे म्हणून निचरा आणि मुलींची चेंजिंग रूम या दोन गोष्टी सगळ्यात आधी काटल्या जातात, असा माझा अनुभव आहे. त्या काटू देऊ नका. २ नोव्हेंबर २०२५ ला मी पुतणीला घेऊन नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला होतो. दुपारी पाऊस पडत राहिला, सामना दोन तास उशिरा, पाचला सुरू झाला. एवढ्या पावसानंतर चेंडू सीमारेषेपर्यंत सरळ पळत होता, कारण त्या आउटफील्डखाली वाळूचा थर आहे. शेफालीच्या ८७, दीप्तीचे पाच बळी, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला हरमनप्रीतनं मागं धावत घेतलेला शेवटचा झेल. पुतणी तेरा वर्षांची आहे. तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी नखांचे वण दिसत होते. ते मैदान २००८ पासून उभं आहे. आयपीएलचे, फुटबॉलचे सामने झाले. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचा पहिला हंगाम तिथं आणि ब्रेबर्नवर खेळला गेला, तेव्हापासून मुली आपल्या आयांबरोबर नेरूळला उतरायला लागल्या होत्या. त्या रात्रीची गर्दी अशी दोन-अडीच वर्षं आधीपासून तयार होत आली होती.

समितीच्या बैठकीत वेळ कमी मिळेल, म्हणून एवढं तरी विचारा: जागेची मालकी आणि वापराचा हक्क कुणाच्या नावावर? परवानग्या कोणत्या, हातात कधी? पहाटे फाटक कोण उघडणार? पावसाचं पाणी कुठं जाणार? देखभालीचा खर्च कोणत्या खात्यातून? एवढ्याची उत्तरं लेखी आली की आसनांच्या आकड्यावर भांडण होणार नाही.

मला नेमकं सांगता यावं यासाठी तीन गोष्टी पाठवा. उत्तर दिशा दाखवलेला मोजणी नकाशा. तीन ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो त्याची नोंद. आणि मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जागेच्या चारही कोपऱ्यांतून काढलेले फोटो. शक्य झालं तर तुमच्या शाळेतल्या मुलांना विचारून, सध्या गावातली पोरं पहाटे कुठं धावतात आणि संध्याकाळी कुठं खेळतात, तेही त्या नकाशावर पेन्सिलीनं दाखवा.